धाकलीचा आकडा

मार्गशीर्षाची अमावास्या होती. उन्हं सांडव्याच्या कठड्यावर चढायच्या आत केतकी लोणारेनं सातव्या दरवाज्याच्या खांबाला हिरवं लुगडं गुंडाळलं, पदराचं टोक वाऱ्यावर मोकळं सोडलं, पायाशी लिंबू ठेवलं आणि ती नियंत्रण कक्षाकडे चालू लागली. मागं धरण काठोकाठ भरलेलं होतं. पाण्यावर एक सुरकुती नव्हती.

वाघोरी धरणाला सात वक्र दरवाजे. कागदावर ते एक ते सात, पण धरणावरच्या माणसांनी त्यांना कधी असं मोजलं नाही. चार किलोमीटर खाली नदीच्या पोटात आसरांचा डोह आहे. सात बहिणी, पाण्यातल्या. धरण बांधायला आलेले मजूर डोहाजवळच्या आसरेवाडीचेच. त्यांनी दरवाज्यांना बहिणींची नावं दिली: थोरली, गंगळी, चिंधाई, मासळाई, सोनजळी, काजळी. सातवीचं नाव मात्र घ्यायचं नसतं. तिला नुसतं धाकली म्हणायचं. तिचं खरं नाव वर्षातून एकदाच उच्चारलं जातं. याच अमावास्येला वाडीतली सगळ्यांत वयस्क सवाष्ण डोहात कमरेइतक्या पाण्यात उभी राहते आणि मधल्या दगडाच्या कानाशी तोंड नेऊन ते सांगते. बाकीच्या बायका भोवतीनं पाण्यात उभ्या असतात, कडेवर लेकरं घेऊन. दीडशे तरी असतील. डोहावर मोबाइल न्यायचा नाही, चामड्याचं पायताण न्यायचं नाही, हा वाडीचा नेम. आणि सकाळपासून दुपारपर्यंत एकही दरवाजा उघडायचा नाही, हा धरणाचा शब्द. तो गेली चाळीस वर्षं पाळला गेला होता.

यंदा दगडाच्या कानाशी उभी राहणार होती केतकीची मामी.

त्या घरातच केतकी लहानाची मोठी झाली. आईवडील लवकर गेले, मामीनं पदराखाली घेतलं. सोपानमामा धरणावर यंत्रणेचा तंत्रज्ञ. पोरीला शाळेतून आणायचा तो थेट कामावरच, आणि पडद्यासमोर स्टुलावर बसवून सांगायचा की ही बघ, बाया बोलायला लागल्या.

बाया म्हणजे दरवाजे. प्रत्येक दरवाज्यापाशी एक नियंत्रक पेटी असते. ती मोटर चालवते आणि दरवाजा किती उघडा आहे ते दर दोन सेकंदांनी कक्षाला कळवते. तारेतून जाणारा हा प्रत्येक निरोप म्हणजे एक लहानसं पाकीट. पाकिटावर दोन पत्ते, धाडणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. पत्ता म्हणजे चार आकडे. त्यापुढं आणखी एक आकडा असतो, तो पोर्टचा. पत्ता हे घर मानलं तर पोर्ट हे त्या घराचं दार. एकाच घराला हजारो दारं, आणि प्रत्येक दारावर वेगळं बोलणं चालतं. दरवाजा उघड, दरवाजा मीट, हे बोलणं पाचशे दोन नंबरच्या दारावर. जाळ्यातली अशी सगळी पाकिटं पकडून, उलगडून पडद्यावर ओळीनं दाखवणारं सॉफ्टवेअर मामाच्या काळात होतं तसं आजही आहे. फरक एवढाच, की मामाच्या पडद्यावर सगळे आकडे होते.

ते आकडे त्यानं पोरीला जात्यावरच्या चालीत शिकवले. त्याची आई दळताना जी चाल धरायची, तीच. सातवीची ओवी अशी होती:

दहाच्या गं गावामधी, विसाव्या आळीला
चौथ्या घराच्या अंगणी, एकशे सातव्या वेलीला
पाचशे दोन दारावर, हाक मार धाकलीला

सात बहिणींच्या सात ओव्या. केतकीला पाढ्यांच्या आधी त्या पाठ होत्या.

पुढं केतकी शिकली, शहरात राहून आली, आणि मामाच्याच खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसली. दोन वर्षांपूर्वी एका रात्रपाळीच्या माणसानं एकशे चारऐवजी एकशे सहा वाचलं आणि भलताच दरवाजा उघडला. खाली वाळूचा एक ट्रॅक्टर वाहून गेला, माणूस झाडाला धरून वाचला. चौकशी झाली. पडद्यावर काय दिसावं, या एका प्रश्नावर खात्यानं बैठक बोलावली, आणि तिथं केतकी उभी राहून बोलली. माणसाचं डोकं आकडे धरत नाही, चेहरे धरतं, नावं धरतं, असं ती म्हणाली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तेव्हा नामवेल नावाचं नवं सॉफ्टवेअर आलं होतं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नावांची यादी हातानं भरावी लागे आणि पेटी बदलली, पत्ता बदलला, की यादी खोटी ठरे. नामवेलला यादी लागतच नव्हती. ती यंत्राची बोलण्याची ढब ऐकायची. कोण किती वेळानं बोलतं, किती बोलतं, कुणाशी बोलतं, कुठं अडखळतं. पावलांवरून घरातलं माणूस ओळखावं तशी ती पेटी ओळखायची. तुम्ही एकदा सांगायचं की ही गंगळी. मग गंगळीचा पत्ता दहादा बदलला तरी पडद्यावर गंगळीच.

मामा त्या बैठकीत मागच्या खुर्चीवर होता. त्यानं एवढंच विचारलं, की गंगळीसारखं चालून दुसरंच कुणी आलं तर?

कंपनीची माणसं हसली. केतकीही हसली, आणि ते हसणं मामानं पाहिलं.

नामवेल बसली त्या दिवशी सेटिंगच्या पानावर एक चौकोन होता: पत्ते आणि पोर्ट लपवा. केतकीनं त्यावर खूण केली. भिंतीवरचा मामाच्या हातचा आकड्यांचा तक्ता उतरवून कपाटामागं ठेवला. मामाला निवृत्तीला दीड वर्ष होतं. त्यानं त्याच आठवड्यात अर्ज दिला. निघताना दारात थांबून म्हणाला, "नावानं हाक मारावी पोरी. पण दार उघडायच्या आधी आकडा विचारावा. नाव काय, कुणीबी सांगतं."

त्याला अकरा महिने झाले. तेवढ्या काळात दोघं बोलली नव्हती. मामी मधूनमधून डबा पाठवायची, डब्याखाली चिठ्ठी नसायची.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. सहाजणींना नावं देऊन झाली, सातवीच्या रकान्यापाशी केतकीची बोटं थांबली. धाकली लिहावं, तर ते नाव नव्हे. खरं नाव तिला ठाऊक होतं. ती सात वर्षांची असताना तापात पडली होती, तेव्हा मामीनं ते तिच्या कानात सांगितलं होतं आणि वर बजावलं होतं, की हे बोलायचं नाही, नुसतं जवळ ठेवायचं. तिनं ते कधी उच्चारलं नव्हतं. रकाना तिनं रिकामा सोडला. रिकाम्या रकान्याला नामवेलकडं एकच उत्तर होतं, जो आहे तो पत्ता दाखवणं. म्हणून पडद्यावर सहा ओळींत सहा नावं आणि सातव्या ओळीत आकडे.

शेजारच्या खुर्चीतला बाबर यावरून रोज टोमणा मारायचा. "काय केतकीताई, सहाजणी लेकीबाळीसारख्या आणि धाकलीला कैद्याचा नंबर. आसरा कोपल्या तर माझं नाव सांगू नका हां."

आजही त्यानं चहाचा कप पुढं सरकवत तेच म्हटलं. केतकी हसली आणि पडद्यासमोर बसली. पावणेनऊ झाले होते. डोहावर बायका एव्हाना पाण्यात उतरल्या असतील. मामा काठावरच्या कातळावर हलगी घेऊन बसला असेल, तोंड धरणाकडं करून. बाकीचे पुरुष डोहाकडं तोंड करून बसत. मामाचं तोंड धरणाकडंच असायचं.

थोरली बंद. गंगळी बंद. चिंधाई, मासळाई, सोनजळी, काजळी बंद. सातवी ओळही बंद. केतकीनं सवयीनं मनात ओवी धरली. दहाच्या गं गावामधी, विसाव्या आळीला, चौथ्या घराच्या अंगणी...

आणि पाय घसरावा तशी चाल घसरली. पडद्यावर होतं १०.२०.४.२१४:५०२. दोनशे चौदा. ते ओवीत बसेना.

पेटी बदलली का, असं तिनं बाबरला विचारलं. बाबर म्हणाला, की गेल्या वर्षात एकाही पेटीला कुणी पाना लावलेला नाही. केतकीनं सेटिंगचं पान उघडलं. त्या चौकोनातली खूण काढली. तिच्याच हातची, अकरा महिन्यांपूर्वीची.

पडद्यावर आकडे उगवले. थोरलीसमोर दोनशे आठ. गंगळीसमोर दोनशे नऊ. एकेक करत खाली दोनशे तेरापर्यंत. एकशे एक ते एकशे सात, ज्यांना ती लहानपणापासून गाऊन ओळखत होती, त्यांतली एकही बाई पडद्यावर नव्हती.

तिनं मागच्या नोंदी काढल्या. थोरली दहा महिन्यांपूर्वी बदलली होती. कुणीतरी आधी काही आठवडे गुपचूप ऐकलं होतं, तिची ढब उचलली होती, मग एका दुपारी तिच्या जागी बोलायला लागलं होतं. नामवेलला वाटलं, पत्ता बदलला, बाई तीच. पुढं दीडदोन महिन्यांनी गंगळी. मग चिंधाई. एकेक बहीण पाण्याखाली ओढून न्यावी तशी नेली होती, आणि वर तिच्या नावानं दुसरंच कुणी उत्तर देत होतं. सातवी सगळ्यांत शेवटी. आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. तेव्हा केतकी तिच्या खांबाला लुगडं बांधत होती.

खऱ्या दरवाज्यांना आता कोण काय सांगत होतं, ते या पडद्यावर कधीच दिसणार नव्हतं.

"कॅमेरा बघा की," बाबर म्हणाला.

कॅमेऱ्यात सातही दरवाजे मिटलेले, सांडवा कोरडा, कोवळं ऊन. बाबरनं सुस्कारा सोडला. केतकीनं सातव्या खांबावर बोट ठेवलं. खांब उघडा होता. हिरवं लुगडं कुठंच नव्हतं. ती सकाळ दुसऱ्याच कुठल्या तरी दिवसाची होती.

केतकीनं भोंग्याचं बटण दाबलं. पडद्यावर उमटलं: भोंगा, वाजला. दोघं कान देऊन उभी राहिली. बाहेर साळुंक्या भांडत होत्या, दुसरा आवाज नव्हता.

वाडीत फोन लावून उपयोग नव्हता. सगळे फोन घराघरांत खुंटीला लटकलेले असणार. बाबरनं आधीच मोटरसायकलची किल्ली उचलली होती. घाटातून वाडीला सात किलोमीटर, आणि पाणी सरळ नदीनं जाणार. दरवाजे पुरते वर गेले तर वीस मिनिटांत ते डोहावर असेल. तो गेला. केतकी सांडव्याकडं पळाली.

अर्धा किलोमीटर. वाटेत तिला आधी पायांखाली कळलं, मग कानांना. धरणाची भिंत थरथरत होती. कठड्यावर येऊन तिनं खाली पाहिलं. सहा दरवाजे वीतभर वर गेलेले. खालून पाणी पांढऱ्या पट्ट्यांनी सुटत होतं, आणि मोटरी बारीक आवाजात एकसुरी गात होत्या. सातवी अजून हलली नव्हती. तिच्या खांबावर लुगड्याचा पदर फडफडत होता.

तिथं प्रत्येक दरवाज्याशी बोलायचा डबा आहे, अडीअडचणीला कक्षाशी बोलायला. त्याला स्वतःची बॅटरी असते. कक्षात आता कुणी नव्हतं हे ठाऊक असूनही केतकीनं सातवीजवळचा डबा उचलला, कुणी तरी असावं म्हणून. पलीकडून उत्तर आलं नाही, पण मुकेपणाही नव्हता. कुणीतरी तोंड मिटून ऐकत असावं, तसं काहीतरी. डबा तिनं तसाच चालू सोडला.

मोटरींची वीज तोडायच्या मुख्य खटक्याची पेटी सातव्या खांबाच्या मागं. कुलूप गंजलेलं, किल्ली तिच्या गळ्यात. ती फिरेना. त्याच वेळी शेवटची मोटर जागी झाली आणि सातवी वर सरकू लागली. केतकीनं दोन्ही हातांनी किल्ली धरली, कपाळ लोखंडाला टेकवलं, आणि तापात कानात पडलेलं ते नाव तिच्या तोंडून बाहेर आलं. मोठ्यानं. एकदाच. ते इथंही लिहायचं नसतं.

किल्ली फिरली. तिनं खटका ओढला. सातही मोटरी एकदम गप्प झाल्या आणि दरवाजे जिथल्या तिथं अडकले. मग तिनं हातानं फिरवायचा दांडा घेतला आणि थोरलीपासून सुरुवात केली. एक वीत मिटायला दोनशे फेरे. हाताची साल निघाली तेव्हा ती चिंधाईपर्यंत पोचली होती, आणि सुटलेलं पाणी कधीच नजरेआड गेलं होतं.

दुपारी शहरातून माणसं आली. धरणाचे कार्यकारी अभियंता चिटणीस साहेब आणि नामवेलच्या कंपनीचे तिघं. बाबर त्यांच्या आधी परतला. त्यानं सांगितलं, की तो वाडीत पोचला तेव्हा सगळ्या बायका काठावर ओल्या उभ्या होत्या. डोहाच्या वरच्या अंगाला मामाची एक ठरलेली शिळा आहे. ती ओली होताना दिसली तशी त्यानं हलगीचा ताल मोडला, आणि ताल मोडला की पाण्याबाहेर निघायचं हे वाडीतल्या लहान पोरीलाही ठाऊक आहे. पाणी गळ्यापर्यंत चढलं, पण लेकरं आधी वर गेली. मामी मधोमध होती. तिला दोघींनी केसांना धरून ओढून काढलं.

माणसांनी चार तास खपून जाळं धुंडाळलं. सात परके पत्ते होते, पण ज्यातून ते बोलत होते ते यंत्र, ती पेटी, काही सापडलं नाही. मग त्यांनी ते पत्ते तोडले, खऱ्या पेट्या परत जोडल्या, मागची सगळी ओळख पुसून, सहाजणींना पुन्हा नावं देऊन आणि सातवीचा रकाना रिकामाच ठेवून नामवेल नव्यानं सुरू केली. वीज आली. साहेबांनी पाच वाजता सही केली. जाताना कंपनीच्या माणसानं मायेनं सांगितलं, की आकड्यांनी माणूस गोंधळतो, चूक तुमची नव्हे. केतकीनं कपाटामागून मामाचा तक्ता काढला आणि फडक्यानं पुसायला घेतला.

तेवढ्यात फोन वाजला. वर नाव आलं: मामा.

ती त्या दोन अक्षरांकडं बघत राहिली. मग फोन कानाला लावला, आणि अकरा महिन्यांनंतरचा तिचा पहिला शब्द हाक नव्हता. धाकलीची ओवी म्हण, असं ती म्हणाली.

 पलीकडून, का म्हणून न विचारता, म्हाताऱ्या आवाजानं चाल धरली. दहाच्या गं गावामधी. शेवटच्या ओळीवर त्याला ठसका लागला. केतकीनं डोळे मिटले.

"मामी बरी हाय," तो म्हणाला. "कण्हत्या, पण शिव्या देत्या, म्हणजे बरी हाय. जेवाया ये."

येते म्हणाली ती.

"एक इपरीत झालं बघ. नाव घ्यायचं राह्यलं यंदा. तिनं दगडाशी तोंड न्यायला आन् माझी हलगी मोडायला एकच गाठ. येवढ्या वर्षांत असं झालं न्हाई. ह्या साली ते नाव कुणाच्याच तोंडी आलं न्हाई."

केतकीच्या हातातलं फडकं थांबलं. एका तोंडी आलं होतं. सकाळी, सातव्या खांबाशी, मोटरींच्या आवाजात. तिथं दुसरं माणूस नव्हतं. बॅटरीवरचा तो बोलायचा डबा तेवढा होता.

तिनं सावकाश मान वळवली. पडद्यावर सात ओळी शांत उभ्या होत्या. थोरली, गंगळी, चिंधाई, मासळाई, सोनजळी, काजळी. आकड्यांचा रकाना कुणीतरी पुन्हा लपवला होता. सातवी ओळ आता रिकामी नव्हती, तिथं आकडेही नव्हते. तिथं ते नाव होतं, काना-मात्रेसकट बरोबर, मामीनं सांगितलं होतं तसं.

"पोरी?" मामा फोनवर म्हणत होता. "पोरी, हायस का?"

नावापुढं हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: बंद.